कणकेला ताण देणारं गवत

[दृश्य: परातीत पाणी, हातात कणकेचा गोळा]

कणकेचा गोळा पाण्यात चोळत राहिलं, की पाणी दुधाळ होतं. तो स्टार्च, कुरडयांसाठी काढतो तोच चीक. तो निघून गेला की मुठीत उरतो करडा, चिवट लगदा. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. हे ग्लुटेन.

यात मुख्यतः दोन प्रकारची प्रथिनं असतात. ग्लायडिनमुळे कणीक पसरते, ग्लुटेनिनमुळे तिला ताण येतो. गव्हाच्या रोपाला मात्र पोळीशी काही देणंघेणं नाही. कोंब फुटेल तेव्हा कामी यावा म्हणून दाण्यात भरून ठेवलेला हा नायट्रोजनचा शिधा.

[दृश्य: एजिलॉप्स टॉशी या गवताची ओंबी, अगदी जवळून]

हे रानगवत बघा. बारीक ओंबी, पिकली की पेरापेरातून तुटून खाली पडते. दाणा कडक टरफलात. खायला कोणी पेरलं नसतं. पण सुमारे 8 ते 10 हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या भागात, याचा एमर गव्हाशी आपोआप संकर झाला. एमर म्हणजे आपल्या सातारा-सांगलीकडची खपली. खपलीची गुणसूत्रं 28, गवताची 14. संकरातून आला 42 गुणसूत्रांचा, आज पोळी-पावाला वापरतो तो गहू.

गव्हातली ही जास्तीची गुणसूत्रं कुठून आली, हे कोडं 1944 साली सुटलं, तेही दोन ठिकाणी वेगवेगळं: जपानमध्ये शास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी, अमेरिकेत मॅकफॅडन आणि सीअर्स या शास्त्रज्ञांनी सोडवलं. दोन्ही देश तेव्हा एकमेकांशी लढत होते!

[दृश्य: गुणसूत्रांचं रेखाचित्र]

गव्हात गुणसूत्रांचे तीन संच आहेत: ए, बी आणि डी. प्रत्येकातल्या पहिल्या गुणसूत्रावर मोठ्या ग्लुटेनिनची दोन जनुकं, एकूण सहा. पण सहाही क्वचितच कामाला लागतात. ए संचातलं एक तर पावाच्या गव्हात बहुतेक गप्पच असतं. ट्रिटिकम उरार्टू या रानटी गव्हात, काही रानटी एमरमध्ये ते अजून चालू सापडतं.

कणकेचा कस सगळ्यात जास्त ठरतो तो डी संचावर, म्हणजे या गवताकडून आलेल्या जनुकांवर. त्यातल्या 'पाच' क्रमांकाच्या प्रथिनात सिस्टीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) एक जास्तीचं असतं. सिस्टीनमधल्या गंधकामुळे प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. 'पाच' आणि 'दहा' ही जोडी असलेल्या गव्हाची कणीक दमदार होते, पाव छान फुगतो. खपलीत डी संचच नाही, त्यामुळे तिची कणीक तेवढी ताणली जात नाही. पुरणपोळी आणि खिरीला मात्र तिच्यासारखी तीच.

त्या जुन्या संकरात गवताची मोजकीच रोपं सामील झाली. बाकीच्या रानातली ग्लुटेनिनची कितीतरी रूपं गव्हात आलीच नाहीत. म्हणून मेक्सिकोतल्या सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेत ड्युरम गहू (खपलीसारखाच, डी संच नसलेला) आणि हे गवत यांचा संकर मुद्दाम पुन्हा घडवतात.

याच डी संचातून ग्लायडिनचा असा एक तुकडाही आला, जो सिलिॲक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या रुग्णांना फार त्रास देतो. खपलीत तो नाही, पण त्रासदायक असे दुसरे तुकडे आहेत. तेव्हा खपलीच्या पुडीवर कुणी 'ग्लुटेन-फ्री' छापलं, तर ते चूक आहे, आणि सिलिॲक असलेल्यांनी ती खाऊ नये.