घटस्फोट झाला, पोटगीचं काय?

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळपासूनच बायकांच्या मांडीवर सूप येतं. पान कातरायचं, जर्दा भरायचा, विडी वळायची, दोरा बांधायचा. मजुरी मिळते हजार विड्यांमागे. आणि नेमकं याच मजुरीकडे बोट दाखवून नवऱ्याची बाजू कोर्टात म्हणते, "ती कमावते की! पोटगी कशाला?"

हे ऐकूनच कितीतरी जणी अर्ज करत नाहीत. पण चार पैसे कमावणं वेगळं आणि त्यात घर भागणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानंही हा फरक मान्य केलाय. तिच्या कमाईचा विचार रक्कम ठरवताना होईल; हक्क मात्र तेवढ्यानं जात नाही.

"काडीमोड झाला, आता कसली पोटगी?" हाही असाच घट्ट बसलेला गैरसमज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटितासुद्धा येते. मुस्लिम महिलांनाही ही वाट खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. परस्पर संमतीनं वेगळं होताना मात्र 'पोटगीचा हक्क सोडला' अशी ओळ कागदात आहे का, ते आधी वकिलाकडून समजून घ्या. घाईतली ती सही फार महागात पडते.

खरी दमछाक होते ती नवऱ्याची कमाई दाखवताना. यंत्रमागावरचा पगार रोख, हातात पावती नाही. तो सरळ सांगतो, "काम बंद आहे." म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये नियम घालून दिला: उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज दोघांनीही प्रतिज्ञापत्रावर सांगायचं. त्यात तो खोटं बोलला, तर ते उघडं पाडायला तुमच्याकडे काहीतरी हवं. तो कुठल्या कारखान्यात जातो, गाडीचा हप्ता किती, मोबाईलवर पैसे आल्याचे मेसेज, जे मिळेल ते जपून ठेवा. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे उगाच थांबण्यात तुमचंच नुकसान आहे.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. माहेरी सोलापुरात राहत असाल, तर कलम १४४ चा अर्ज इथंच करता येतो, नवरा पुण्यात असो की भिवंडीत.

आदेश झाल्यावरही पैसे थकतात, हे फार जणींच्या वाट्याला येतं. म्हणून वहीत प्रत्येक महिन्याची तारीख आणि मिळालेली रक्कम लिहीत जा. कलम १४४ च्या थकबाकीसाठी, ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. मग कोर्ट वॉरंट काढू शकतं, आणि तरीही पैसे दिले नाहीत तर त्याला तुरुंगातही पाठवू शकतं.