दुधाचा हिशोब आणि दुसरं औषध

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा लागला की ठाण्यातल्या कुठल्याही वॉर्डाबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. न्यूमोनिया व्हायरल आहे, पेशंट ॲडमिट आहे, मग विषाणूवर एकच औषध का? दोन द्या, तीन द्या, जे असेल ते सगळं द्या. हे विचारताना माणसाच्या जिवाची किती घालमेल होत असते, ते मी पस्तीस वर्षं पाहत आले आहे. म्हणून आज त्यावरच बोलते. पण आधी कोपरीच्या काकूंची गोष्ट सांगते. मला जे सांगायचंय ते त्यांच्या दुधाच्या हिशोबात आहे.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. बाळकुमला १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं होतं, तरी लोक खाटेसाठी वणवण फिरत होते. २२ तारखेला, गुरुवारी दुपारी, काका आमच्या वॉर्डात आले. ऑक्सिजन ८८. एक वाक्य बोलताना दोनदा थांबत होते. मुलगा खाली गेटवर उभा. त्याच्या हातात थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात रेमडेसिविर या विषाणूवरच्या इंजेक्शनच्या दोन कुप्या. कोर्स सहा कुप्यांचा असतो, पहिल्या दिवशी दोन आणि पुढे रोज एक. रात्रभर रांगेत उभं राहून पोराने दोनच मिळवल्या होत्या. दुसऱ्या हातात एक कागद होता. त्यावर कुणीतरी लिहून दिलेलं : रेमडेसिविर, त्यासोबत फॅविपिरावीर, त्यासोबत आयव्हरमेक्टिन. फॅविपिरावीर तुम्हाला आठवत असेल. पहिल्या दिवशी सकाळी नऊ गोळ्या आणि रात्री नऊ गोळ्या.

"मॅडम, तिन्ही एकदम सुरू करा. बाकीच्या चार कुप्या मी आणतो. कुठूनही आणतो."

मी त्याला एकच विचारलं. "ताप कधी आला?"

"पाच दिवस झाले."

आता हे 'पाच दिवस' आम्ही रोज ऐकायचो. ज्याला त्याला पाचच दिवस झालेले असायचे. पुरुष ताप अंगावर काढतात, क्रोसिन घेऊन कामाला जातात, आणि घरात कळतं तेव्हापासून दिवस मोजले जातात. म्हणून मी काकूंना फोन लावला. त्या स्वतः पॉझिटिव्ह, घरीच होत्या. त्याही आधी म्हणाल्या, "पाच दिवस." मग जरा थांबल्या. "थांबा हं डॉक्टर, कॅलेंडर बघते."

त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर, त्यावर पेन्सिलीने दुधाचा हिशोब. त्या फोनवर वाचायला लागल्या. "नऊ तारखेला एक लिटर. दहाला एक. अकराला अर्धा. बाराला अर्धा…" आणि गप्प झाल्या.

"अकराला अर्धा का, काकू?"

"रविवार होता तो. ह्यांनी चहाच नको म्हटलं. अंग मोडून आलंय म्हणाले, पांघरूण घेऊन पडले. दूध उरायला लागलं म्हणून मी भैयाला अर्धाच सांगितलं." आणि मग हळू आवाजात, "डॉक्टर, पाडव्याला श्रीखंड केलं होतं. एक चमचा खाल्लं आणि मला म्हणाले, वेलची घातली नाहीस का? मी भरपूर घातली होती हो."

तेरा तारखेचा पाडवा. तेव्हाच काकांचा वास गेलेला होता. म्हणजे आजार सुरू झाला अकराला, आणि २२ तारखेला काका पाचव्या दिवसावर नव्हते, बाराव्या दिवसावर होते. पाचवा नाही, बारावा.

त्या वेळच्या आपल्या देशातल्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या की रेमडेसिविरचा विचार करायचा तो लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत. कारण बाराव्या दिवशी विषाणू बहुतेक ओसरलेला असतो. फुप्फुसात जे पेटलेलं असतं ती शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराची आग असते. मी ते मुलाला गेटवर उभं राहून सांगितलं. तो चिडला. "मी तीन मागतोय आणि तुम्ही एकही देत नाही?" त्याचा राग मला समजत होता. काकांना ऑक्सिजन, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन दिलं आणि दिवसातून कित्येक तास पालथं झोपवलं. दहाव्या दिवशी ते घरी गेले.

इथे एक अगदी कळकळीचं सांगते. आता दूध ॲपवर मागवतात, हिशोबही फोनमध्येच असतो. तरी भिंतीवरचं कॅलेंडर काढू नका. घरातल्या बाईने पेन्सिलीने केलेली नोंद कित्येकदा आमच्या केसपेपरपेक्षा खरी निघते.

असो. काका बरे झाले, म्हणून माझा निर्णय बरोबर ठरत नाही. एका माणसावरून औषध ठरत नाही. त्यासाठी शेकडो पेशंटचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला एक औषध, दुसऱ्याला जोडी.

हाँगकाँगमध्ये २०२० साली असं केलं. कोरोनाचे १२७ पेशंट. एका गटाला लोपिनाविर-रिटोनाविर हे एकाच गोळीतलं औषध, दुसऱ्याला त्यासोबत रिबाविरिन आणि इंटरफेरॉन. तीन औषधांच्या गटात तपासणी निगेटिव्ह यायला साधारण सात दिवस लागले, एकाच औषधाच्या गटात बारा. पण हा फायदा दिसला तो सात दिवसांच्या आत उपचार सुरू झालेल्यांत. उशिरा आलेल्यांत फरक दिसला नाही. पुन्हा तेच, कितवा दिवस.

फ्लूचं बघा. ॲडमिट झालेल्या ३६६ पेशंटचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. ओसेल्टामिविरच्या जातीचं नेहमीचं औषध एकटं, आणि दुसरीकडे त्याच्या जोडीला बालोक्साविर. सुधारणा दिसायला एकट्या औषधाने १००.२ तास, जोडीने ९७.५ तास. चार दिवसांत अडीच-पावणेतीन तासांचा फरक, म्हणजे फरक नाहीच म्हणा. फ्रान्समध्ये २००८-०९ च्या हंगामात घरीच असलेल्या फ्लूच्या पेशंटना ओसेल्टामिविर आणि झानामिविर एकत्र दिलं, तर जोडी एकट्या ओसेल्टामिविरपेक्षा कमी पडली. काही जोड्या तर एकमेकींच्या पायात पाय घालतात. मलेरियावरच्या क्लोरोक्विनच्या सोबतीने रेमडेसिविरचा जोर कमी होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये दिला होता.

मग टीबीला चार औषधं कशी, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. टीबीचा जंतू महिनोन् महिने अंगात राहतो, एकाच औषधाला सरावतो, म्हणून चार. एचआयव्हीचंही तसंच. फ्लू आठवड्याचा पाहुणा आहे. ज्या औषधाने खरंच जीव वाचले ते वेगळंच काम करणारं होतं. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोरोना पेशंटचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने कमी केले, ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्शाने. ते विषाणू मारत नाही, आग विझवतं. फ्लूमध्ये मात्र ते सरसकट देत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

गेल्या जुलैत काकूंचा फोन आला. नमस्कार नाही, कशा आहात नाही. पहिलंच वाक्य, "डॉक्टर, काल संध्याकाळी सात वाजल्यापासून." काकांना ताप, खोकला, धाप. एक्स-रेत उजव्या बाजूला डाग होता. ॲडमिट केलं, फ्लूचा नमुना पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता ओसेल्टामिविर लिहिलं, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मुलगा खाटेशेजारी उभा होता. त्याने या वेळी कागद आणला नव्हता. त्याने घड्याळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, पहिली गोळी आत्ताच देऊ ना?"