आजीच्या नावाचा ग्रंथ

नमस्कार मंडळी. आज मला जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीकाठच्या वोर्म्स शहरातल्या एका रब्बींविषयी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंविषयी, बोलायचं आहे. याईर हाईम बाखराख. जन्म 1638 चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियातला. वडीलही रब्बी. पण मला जास्त ओढ वाटते ती त्यांच्या आजीची.

आजीचं नाव हव्वा. प्रागच्या प्रसिद्ध महारल रब्बींची ही नात तरुणपणीच विधवा झाली. धर्मग्रंथांतल्या, भल्याभल्या पंडितांना न सुटलेल्या जागा ती उलगडून सांगायची, असं नातवानं लिहून ठेवलंय. पवित्र भूमीच्या वाटेवर असताना 1651 मध्ये सोफियात ती गेली. नातू तेव्हा अवघा तेरा वर्षांचा. पुढे त्यानं आपल्या ग्रंथाला नाव दिलं ‘हव्वोत याईर’. बायबलमध्ये या शब्दांचा अर्थ ‘याईरची गावं’. पण त्याच अक्षरांत ‘हव्वाचा याईर’ही ऐकू येतो. आजीचं नाव असं मुखपृष्ठावर आणणारा नातू मला फार जवळचा वाटतो.

हा ग्रंथ म्हणजे लोकांनी विचारलेल्या धर्मप्रश्नांना दिलेली उत्तरं. त्यातलं एक ॲमस्टरडॅमचं. मुलगा नसलेल्या एका गृहस्थानं मरणापूर्वी सांगून ठेवलं: वर्षभर रोज दहा जणांनी माझ्या घरी अध्ययन करावं आणि नंतर माझ्या मुलीनं कद्दिश म्हणावं. कद्दिश म्हणजे आईवडिलांमागे मुलगा म्हणतो ती प्रार्थना. मुलीनं म्हटलेली चालेल का?

बाखराख लिहितात, विरोधात ठोस आधार नाही; देवाच्या नावाचं पावित्र्य राखण्याची आज्ञा स्त्रियांनाही आहे; मुलगीही बापाचंच अपत्य, तिच्या प्रार्थनेनंही त्याच्या आत्म्याला शांती मिळेल. आणि एवढं मांडून शेवटी म्हणतात, नको. जो तो आपापली रीत पाडू लागला तर जुन्या चालीरीती ढिल्या पडतील. हा नकार मला खटकतो. पण विरुद्ध बाजू त्यांनी लपवली नाही, उलट तीच अधिक भक्कम मांडली, याचं मोल मला मोठं वाटतं.

वडिलांच्या जागी वोर्म्सचं रब्बीपद मिळायला त्यांना जवळजवळ तीस वर्षं थांबावं लागलं. मध्ये 1689 मध्ये फ्रेंच फौजांनी शहर जाळलं, ज्यू वस्ती पांगली. 1699 मध्ये ग्रंथ फ्रँकफर्टला छापला गेला आणि त्याच वर्षी पदही मिळालं. 1702 मध्ये ते गेले.

आज कद्दिश म्हणू पाहणाऱ्या मुली त्या उत्तराचा पहिला भाग वाचून दाखवतात, आणि त्यांना अडवणारे शेवटचा.