चोवीसच्या वरचं एक

मंडळी, तुम्ही म्हणाल, इथं सागवान आन् मोहाच्या जंगलात राहून हा माणूस सायबेरियातल्या झाडांच्या क्रोमोसोमचं कायले सांगून राहिला. क्रोमोसोम म्हणजे पेशीतल्या त्या बारीक काड्या, ज्यांत आई-बापाकडून आलेले गुण साठवलेले असतात. तर आधी आपली पऱ्हाटीच घ्या. गावरानी कापसात क्रोमोसोम 26, अमेरिकनमध्ये 52, म्हणून दोघांचा सरळ क्रॉस केला की झाड 39 चं निघते आणि ते सहसा वांझच राहते. झाडझुडपांत असा आकडा डबल होणं काही नवलाचं नाही, गव्हातही झालंय.

पण उत्तरेकडच्या सूचिपर्णी झाडांनी हा खेळ जवळपास खेळलाच नाही बघा. पाइन, स्प्रूस, लार्च, फर, कुठलंही घ्या, 24. डग्लस फरमध्ये 26 आहेत, आणि कॅलिफोर्नियातला किनारी रेडवूड, तो दुसऱ्या कुळातला, त्याचे थेट 66, पण हे अपवाद. बरं, आकडा लहान म्हणून आतला माल कमी असं नाही हं, नॉर्वे स्प्रूसचा जीनोम, म्हणजे सगळ्या क्रोमोसोममधला मजकूर, 2013 मध्ये छापून आला तर तो माणसाच्या सहा-सात पट निघाला, आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे त्याच त्याच तुकड्यांच्या कॉप्या.

मग आकडा इतका पक्का असल्यावर मोजायचं काय? मजा तिथंच आहे. काही स्प्रूसमध्ये, सायबेरियन आहे, कॅनडाचा पांढरा आहे, 24 च्या वर एखादं-दोन बारकं जास्तीचं क्रोमोसोम सापडते, त्याला बी-क्रोमोसोम म्हणतात (बी म्हणजे बियाणं नाही, इंग्रजी B). ते एका झाडात असते, शेजारच्यात नसते, आणि नसलं तरी झाडाचं काही अडत नाही. मग ते टिकलं कसं? थंडी-दलदलीत ते कामी येते असं काही जण म्हणतात, पण मला विचाराल तर ही गोष्ट अजून सिद्ध झाली नाही, नुसतं सोबत सापडलं म्हणजे उपयोगी ठरत नाही.

रशियात क्रास्नोयार्स्कच्या सुकाचेव वन संस्थेत क्रोमोसोम मोजायचं हे काम कितीतरी वर्षांपासून चालू आहे. पद्धत साधी, पण चिकाटीची. बी ओल्या कागदावर रुजवायचं, मुळाचं टोक कापायचं, कोल्चिसिनमध्ये ठेवायचं, मग अल्कोहोल-अॅसिटिक अॅसिडमध्ये फिक्स करून रंग देऊन काचेवर दाबायचं. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असते बरं, रानात ते लाल-पिवळं फूल दिसते ना, तीच, भयंकर विषारी, म्हणून पोरांनो हात लावू नका. कोल्चिसिन पेशीत क्रोमोसोम ओढणारे धागे बनू देत नाही, म्हणून विभागणी मधातच थांबते आणि क्रोमोसोम सुटे सुटे दिसतात. पाइनमध्ये खरी डोकेदुखी पुढं आहे, बाराच्या बारा जोड्या दिसायला जवळपास सारख्या, मग कुठं बारीक खाच पडली आहे ते पाहून ओळखावं लागते.

मागं बसलेल्या काकांनी विचारलं, याचा फायदा काय. काका, दलदलीतल्या, जंगलाच्या कडेच्या झाडांच्या बियांत तुटलेले, वळून रिंगसारखे झालेले क्रोमोसोमही सापडलेत. म्हणून लागवडीसाठी बी कोणत्या झाडावरून गोळा करायचं हे ठरवताना नुसती झाडाची उंची पाहून भागत नाही.