पंखा फुल्ल आणि तरी घाम

नमस्कार मंडळी. रात्रीचे तीन वाजलेत, पंखा पाचवर आहे, मी बनियन काढून बसलोय तरी घाम थांबत नाही आणि शेजारी बायको डोक्यावरून चादर ओढून कुडकुडतेय. असं पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं ताप आला, थर्मामीटर लावला तर ताप नाहीच. बायकोने उठून बघितलं आणि म्हणाली, अहो, माझी पाळी जाताना मला व्हायचं ना, तेच आहे हे. मग मला आठवलं, तेव्हा मी तिला काय सांगायचो? खिडकी उघड आणि झोप.

तर मला प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर आहे आणि हार्मोन थेरपी चालू आहे. या नावानेच घोटाळा होतो बघा, लोकांना वाटतं हार्मोन देतात. देत नाहीत, बंद करतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरची पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसली जाते, ते बहुतेक वृषणात तयार होतं, मग ते बंद केलं की पेशीची उपासमार होते. हे चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरने 1941 साली दाखवलं, 1966 ला त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा वृषण ऑपरेशन करून काढायचे, आता बहुतेकांना ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन अशी इंजेक्शनं देतात, महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी. यातली काही इंजेक्शनं सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट थोडं वाढवतात म्हणून आधी थोडे दिवस गोळ्याही देतात, त्या विसरू नका.

पण टेस्टोस्टेरॉन काय फक्त कॅन्सरसाठी असतं का? स्नायू, हाडं, रक्त, मूड, इच्छा, सगळीकडे त्याचं काम असतं, ते गेलं की सगळीकडेच जाणवतं. मी पहिले चार महिने समजत होतो की आपलं वय झालं. वय नव्हतं, इंजेक्शन होतं.

घामाचं आधी सांगतो. मी वहीत लिहायला लागलो, कधी आला, त्याआधी काय केलं, तर कळलं की गरमागरम काही प्यायलं, तिखट खाल्लं किंवा दारू घेतली की तासाभरात वाफ येते. प्रत्येकाचं वेगळं असेल. सुती कपडे घाला, उशाशी गार पाणी ठेवा, अंथरुणात एक जाड पांघरूण घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या म्हणजे एक काढता येतं. एवढ्याने भागत नसेल तर त्यावर औषधं आहेत, व्हेन्लाफॅक्सिन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, पण ती डॉक्टर ठरवणार, मेडिकलमध्ये जाऊन मागायची नाहीत. आणि कुणी जडीबुटी सुचवली तर घेण्याआधी डॉक्टरला दाखवा, त्यात काय असतं काय माहीत.

आता थकवा. हा साधा दमल्यासारखा नसतो, झोपून उठलं तरी जात नाही. आणि गंमत बघा, याला सगळ्यात जास्त गुण येतो तो व्यायामाने. मला आधी चीडच आली, इथे जिना चढवत नाही आणि तुम्ही मला वजनं उचलायला सांगता! पण नुसतं फिरून भागत नाही, कारण स्नायू झडतात आणि त्या जागी चरबी येते, पोट सुटतं आणि दंड बारीक होतात. मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करण्यापासून सुरुवात केली, पहिल्या दिवशी पाच झाल्या, मग रबराचा पट्टा, मग छोटे डंबेल्स. कॅन्सर हाडात गेला असेल तर मात्र कुठलं वजन उचलायचं ते विचारल्याशिवाय हात लावू नका.

हाडं तशीही ठिसूळ होतात, न दुखता, म्हणून कळतच नाही, एकदम पडल्यावर कळतं. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती मजबूत आहेत ते बघायची तपासणी, करायचा का ते सुरुवातीलाच विचारा, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचंही विचारा. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब हे हाडांचं औषध द्यायचं ठरलं तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या, कारण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड बिघडू शकतं. मला हे आधी कुणी सांगितलं नाही, मी सांगतोय. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल पण तपासत राहा, हार्ट आणि डायबेटिस असलेल्यांनी तर जास्तच. छातीला, म्हणजे स्तनांना, सूज येऊन दुखत असेल तर लवकर बोला, त्यावर उपाय आहेत पण सूज जुनी झाली की कमी उपयोग होतो.

आणि आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. इच्छा जाते. ताठरता जाते ते वेगळं, इथे मनातच येत नाही. मी बायकोपासून लांब झोपायला लागलो, ती समजली की मी रागावलोय, मी समजलो की तिला कळलंय, आणि दोघं गप्प. शेवटी तीच बोलली. सिल्डेनाफिलसारख्या ताठरतेच्या गोळ्यांनी इच्छा परत येत नाही, आणि हार्टसाठी नायट्रेट चालू असेल तर त्या गोळ्या धोक्याच्या आहेत. पण हात धरून बसायला टेस्टोस्टेरॉन लागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. मी टीव्ही बघताना रडतो पण आता, आधी कधी रडलो नव्हतो. रडू येणं वेगळं आणि आठवडेच्या आठवडे काहीच नको वाटणं वेगळं, तसं असेल तर डॉक्टरला तेही सांगा.

त्रास होतो म्हणून इंजेक्शन मनानेच चुकवू नका, काहींना मध्ये सुट्टी देता येते, पण ते पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, बघून डॉक्टर ठरवतात. आणि पाठ नव्याने जोरात दुखायला लागली, पाय लुळे पडायला लागले, लघवी अडकली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

माझं पुढचं इंजेक्शन येत्या आठवड्यात आहे. वहीत तीन प्रश्न लिहून ठेवलेत, दोन माझे, तिसरा बायकोने तिच्या अक्षरात लिहिलाय, तो काय आहे ते रेडिओवर सांगणार नाही. नमस्कार.