बेवारस लायब्ररीला घर

[दृश्य : गच्चीलगतची खोली. लॅपटॉप, शेजारी एआरएम प्रोसेसरचा तळहाताएवढा बोर्ड.]

इंदूरच्या रामबागेतली ही मावसभावंडं. दिवसा सुपर कॉरिडॉरवर नोकरी, रात्री एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम. भाषेला थ्रेडमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमधल्या, निरोपांची रांग हवी होती. तशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सापडली, पण तिच्या लेखकाने केव्हाच हात काढून घेतलेला. विचारल्यावर म्हणाला, हवी तर घ्या.

लायसन्स एमआयटी, म्हणजे त्याची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर राखला की आडकाठी नाही. गिटमधला, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीतला, इतिहासही सोबत आणायचा. नाहीतर एखादी विचित्र ओळ का आली, हे विचारणार कुणाला?

[दृश्य : स्क्रीनवर कोडच्या चार ओळी.]

खरी गोम इथे आहे. एक थ्रेड रांगेत माहिती ठेवतो, मग ‘तयार’चा झेंडा वर करतो. दुसरा झेंडा पाहून माहिती उचलतो. लॅपटॉपवर चाचणी रात्रभर चालली, हूं की चूं नाही. लॅपटॉपचा एक्स८६ प्रोसेसर एकामागून एक केलेली लिखाणं त्याच क्रमाने इतरांना दाखवतो. बोर्डावरचा एआरएम तशी हमी देत नाही. तिथे झेंडा आधी दिसू शकतो, माहिती मागाहून, आणि दुसऱ्या थ्रेडच्या हाती शिळा कचरा येतो. झेंडा लिहिताना ‘रिलीज’, वाचताना ‘अक्वायर’ लावलं की क्रम बांधला जातो. दुरुस्ती दोन शब्दांची! थ्रेडसॅनिटायझर या अशा चुका हुडकणाऱ्या साधनाने ही चूक लॅपटॉपवरही पकडली असती. जुन्या चाचण्यांत तो कुणी लावलाच नव्हता.

आता प्रश्न, ही लायब्ररी थेट भाषेच्या पोटात घ्यायची का? पायथॉन या भाषेने २००८ मध्ये, २.६ आवृत्तीत, बाहेरचं ‘प्रोसेसिंग’ पॅकेज ‘मल्टिप्रोसेसिंग’ या नावाने आत घेतलं. पेप ३७१ या प्रस्तावातच लिहिलं होतं, की सांभाळणार मूळ लेखक, आणि मदतीला आणखी एक जण. उलट पायथॉनच्याच पोटातलं जुनं असिंककोर बघा. २०१४ मध्ये असिंकआयओ हा नवा पर्याय आल्यावर त्याची गरज सरली, तरी ते निघालं २०२३ च्या ३.१२ मध्ये. लोकांचे प्रोग्रॅम त्यावर उभे असतात, उचलून फेकता येत नाही.

दादाचं मत पडलं, तूर्त वेगळं पॅकेज ठेवू, एआरएमवरच्या चाचण्या रोज चालवू. धाकटीला ते पटलं.

“सांभाळणाऱ्यांत माझं नाव घाल, दादा,” ती म्हणाली, “पण एकटीचं नको.”