रेस करून आलेली सायकल उघडली तेव्हा

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं सायकल दुरुस्तीचं दुकान. स्टँडवर टांगलेली सायकल, मागचं चाक खोललेलं, घमेल्यात काळं पाणी]

हे काळं पाणी दिसतंय नं, हे धुतलेल्या सायकलमधून निघालंय. हिमाचलमध्ये रेस होती, तिथे रोज संध्याकाळी धुतली, नागपूरला आल्यावर घरी परत धुतली, अन तरी दुकानवाल्या मेकॅनिक भाऊंनी मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, खोलून डिग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारं औषध, सोडलं तर हे एवढं.

भाऊंनी सुरुवात केली साध्या काळ्या सायकलींपासून, मग गिअरवाल्या आल्या, आता फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअपवाल्यासुद्धा खोलतात, कोर्स-बिर्स काही नाही, हातानं खोलून-खोलून शिकले. सायकल ज्याची आहे तो आपला रायडर तिकडे स्टुलावर बसलाय. स्टेज रेस करून आलाय. म्हणजे रोज एक टप्पा, रोजची वेळ बेरजेत धरायची, अन दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवर परत निघायचं. साऊथ आफ्रिकेतली केप एपिक 2004 पासून होते, आठ दिवस, दोघांची टीम, अन दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांच्या आत राहायचं असा नियम आहे, त्यामुळे एकाची चेन तुटली की दुसराही रस्त्यात उभा. आपल्याकडे एमटीबी, म्हणजे माउंटन बाइकची, एमटीबी हिमालय रेस 2005 ला सुरू झाली. या रेसेसचे व्हिडिओ भरपूर आहेत, डोंगर, ढग, ड्रोन शॉट. दुकानाचा एक नाही. म्हणून आम्ही कॅमेरा इथेच लावला.

[दृश्य: चेन गेज, क्लोजअप]

लोक म्हणतात चेन ताणली गेली. लोखंडाच्या पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. आतली पिन अन तिच्याभोवतीचा भाग घासतो, प्रत्येक जोडात केसभर जागा होते, अन ती जागा सगळ्या जोडांत मिळून चेन लांबते. एका पिनपासून दुसरी पिन 12.7 मिलिमीटर. बारा स्पीडच्या, म्हणजे मागे बारा गिअरवाल्या सायकलच्या चेनमध्ये ही लांबी साधारण अर्धा टक्का वाढली की बदलायची, म्हणजे दहा पिनांच्या अंतरात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. डोळ्याला दिसतच नाही! म्हणून हा गेज. बघा, टोक टाकलं अन सरळ आत गेलं, अडकलंच नाही, म्हणजे चेन संपली. आता कॅसेट पाहा, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी गिअरांचा गठ्ठा, मधल्या गिअरांचे दात टोकदार झालेत. या कॅसेटवर नवी चेन टाकली तर ती जोर लावला की उड्या मारणार, म्हणजे चेनचे पैसे वाचवायला गेला अन कॅसेट घेऊन बसला.

[दृश्य: पुढच्या शॉकअपचे खालचे पाय काढतानाचा पूर्ण सीन, कापू नये]

शॉकअप. आमचा सगळ्यात आवडता शॉट, त्यामुळे जरा लांबलाय. खालचे बोल्ट ढिले केले, प्लास्टिकच्या हातोडीनं दोन हलके ठोके, पाय खाली सरकले, अन तेल गळायला लागलं. हे तेल नवं असताना आरपार दिसतं. बऱ्याच शॉकअपला या खालच्या तेलाची सर्व्हिस 50 तासांनी सांगितलेली असते. आता हिशोब करा, आठ दिवसांची रेस, आपल्यासारखा हौशी रायडर रोज पाच-सहा तास खोगिरावर, म्हणजे ज्या सर्व्हिसला इथे फुटाळा-अंबाझरी फिरून चार-सहा महिने लागतात ती एका रेसमध्येच येऊन उभी राहते. अन आपले लोक रेसहून येतात, सायकल भिंतीला लावतात, फोटो टाकतात, झालं.

बेअरिंगचं दुखणं वेगळं आहे. चिखलानं जेवढी जात नाहीत तेवढी धुण्यानं जातात. रोज संध्याकाळी प्रेशरचा पाईप, सगळे रांगेत उभे, प्रत्येकाला सायकल चकाचक पाहिजे, अन तो जोराचा फवारा सरळ सीलच्या आत घुसतो, ग्रीस बाहेर अन पाणी आत. भाऊ बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या मधलं बेअरिंग, बोटानं फिरवतायत, आवाज ऐका. खरखर. बादली, ब्रश अन धीर असला तर हे होत नाही, पण थकलेल्या माणसाला बादली कोण उचलायला सांगणार!

[दृश्य: पांढऱ्या कागदावर जुने अन नवे ब्रेक पॅड शेजारी-शेजारी]

आता हे. डावीकडचा नवा, मसाला साधारण दोन मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर उरला की फेकायचा. उजवीकडच्यावर मसालाच नाही, मागचा पत्रा रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर घासलाय, चकतीवरच्या रेघा दिसतात. रोटर नवा असताना 1.8 मिलिमीटर जाड होता, 1.5 च्या खाली वापरायचा नसतो, मायक्रोमीटरवर 1.4 आलाय.

भाऊंनी पहिलाच प्रश्न हाच विचारला, "दादा, पॅड काऊन नाही बदलले बे तिकडे?"

उत्तर सोपं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, सगळं सपाट, इथे ब्रेक घासायला उतार आहेच कुठे? सेमिनरी हिल्स, रामटेकचा गड, संपलं. इथे रेझिनचे, म्हणजे राळेत बांधलेल्या मऊ मसाल्याचे पॅड टिकत राहतात अन माणसाला वाटतं टिकतातच. तिकडे जलोडीसारखी खिंड 3,000 मीटरच्या वर, एकदा उतरायला लागलं की हाताची बोटं दुखेपर्यंत ब्रेक, त्यात पाऊस, त्यात रेती. मऊ रेझिनचा पॅड ओल्या रेतीत एका टप्प्यात साफ होऊ शकतो. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचा पॅड आवाज करतो, पण अशा ठिकाणी टिकतो. पॅडचे दोन जोड बॅगेत ठेवले असते तरी काम झालं असतं, खिशात मावतात.

[दृश्य: रायडर, खांद्याची पट्टी. निवेदन कमी ठेवणे]

कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं हाड. पाचव्या टप्प्यावर मोडलं. प्लेट टाकलीय, बरा होतोय.

[दृश्य: मनसरकडचा रस्ता, मग पावसातलं शेत]

सरावाला आपल्याकडे काही नाही असं मात्र नाही. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट अन काळी माती, पावसात टायर अन फ्रेमच्या मधे अशी ठासून बसते की चाकच फिरत नाही, उचलून न्यावी लागते. रामटेक-मनसरकडे गेलं की जमीनच बदलते, गारगोटीचा चुरा असतो, अन गारगोटी साध्या स्टीलपेक्षा कडक. तेलकट चेनला ती चिकटली की पॉलिश पेपर लावल्यासारखी घासत राहते. म्हणून भाऊ सांगतात, तेल लावा, पाच मिनिटं थांबा, अन बाहेरून सगळं पुसून काढा, तेल आत पाहिजे, बाहेर नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ रसायन, तेही वाळतं, टायर हलवून पाहा, आत डुबडुब आवाज आला नाही तर रबराचे गोळे झालेत समजा.

हे सगळं भाऊंना माहिती आहे. लाख-दीड लाखाची सायकल घेणारे याच दुकानात येऊन मजुरीत पन्नास रुपये कमी करा म्हणतात, आम्ही शूट करत असतानाही एक जण म्हणाला, त्याचा चेहरा ब्लर केलाय. रेसला जायच्या आधी या माणसासमोर एक तास बसा. कोणते पॅड, कोणता हँगर, कारण मागचा डेरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्या पट्टीवर टांगतात तो हँगर बहुतेक सायकलींना वेगळा असतो अन वाकला तर डोंगरात कोणाकडे मिळत नाही. त्या तासाचे पैसे द्या, न मागता.

[दृश्य: संध्याकाळ, सेमिनरी हिल्सचा उतार]

नवे पॅड, नवा रोटर बसला. पण नवा पॅड लगेच पकडत नाही, वेग घ्यायचा, चाक लॉक न करता दाबायचं, सोडायचं, असं वीस-एक वेळा, तेव्हा त्याचा थर रोटरवर चढतो. रायडरला डॉक्टरांनी हँडल धरायला मनाई केलीय, मग भाऊच बसले, पायात चप्पल, अन उतारावर चार चकरा मारल्या. पहिल्या चकरेत ब्रेक किंचाळत होता, तिसऱ्यात गप्प झाला. चौथी चक्कर कशाला मारली ते विचारलं तर म्हणाले, "मजा येऊन राहिली होती."